अळणी वरण

सारजाबाईंनी सुरजला वजनकाट्याच्या झोळीतून काढलं, परत घातलं, परत काढलं. मग अंगणवाडीच्या स्वयंपाकघरातून मिठाचा एक किलोचा न फोडलेला पुडा आणून काट्याला लटकवला. काटा बरोबर एकवर थांबला.

"काटा तर बरा हाय," त्या म्हणाल्या. "मनिषा, पोराला काय खाऊ घालतीस गं?"

"काहीच न्हाई," मी म्हणाले, आणि ते शंभर टक्के खरं होतं.

सात किलो नऊशे. मागच्या महिन्यात सात किलो शंभर होतं, त्याच्या आधीच्या महिन्यात सात. एका महिन्यात आठशे ग्रॅम. सारजाबाईंनी आकडा मोबाईलमध्ये भरला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू ही बाई काहीतरी लपवतेय. मला आनंद व्हायला हवा होता. पण ज्या पोराच्या पोटात दोन महिन्यांत माझ्या हातचा धड एक घास गेला नाही, ते पोर वाढलं कशावर? हवा खाऊन कुणी वाढत नाही.

हे दुखणं उष्टावणापासूनचं. सहावा महिना लागला तसा नेकनूरहून माझा भाऊ राधाकिशन चांदीची वाटी घेऊन आला, अंगात नवाकोरा पांढरा सदरा. पहिली खीर मामानं चाटवायची, ही रीत. सुरजनं खीर तोंडात घेतली, जरा वेळ तिच्यावर विचार केला आणि सगळीच्या सगळी मामाच्या सदऱ्यावर परत केली. सगळे हसले. मीही हसले. त्यानंतर मात्र मला हसू आलं नाही.

काय करायचं बाकी ठेवलं मी? तांदळाची पेज केली, नाचणीचं सत्त्व केलं, मुगाचं पाणी, उकडलेलं गाजर, अंगणवाडीतून मिळणारं पाकीट. मिक्सरमधून फिरवलं, वर गाळणीतून गाळलं. आईनं बजावलं होतं की बाळाच्या घासाला दृष्ट लागते, चारचौघांत भरवू नकोस, आणि त्याच्यासमोर कुणी जेवायचंही नाही. म्हणून मी खोलीचं दार लावून घ्यायची, मोबाईलवर गाणी लावायची, त्याला मांडीत घट्ट धरायची आणि चमचा पुढे करायची. चमचा दिसला की पठ्ठ्याच्या तोंडाला कुलूप. जबरदस्ती केली तर ओकायचा. माझं दूधही आता पुरेनासं झालं होतं. सातव्या महिन्याचं वजन बघून तेलगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, पुढच्या खेपेला वाढलं नाही तर बीडला नेऊन तपासण्या करून घेऊ. त्या दिवसापासून माझ्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. कोंबडीलासुद्धा पिल्लांना दाणे टिपायला शिकवता येतं, आणि मला पोटच्या पोराला एक घास भरवता येत नव्हता.

अंगणवाडीतून घरी आले, सुरजला पालथा टाकला आणि पोलीस झडती घेतात तशी त्याची झडती घेतली. अंगड्याच्या गळ्यावर पिवळा डाग होता, हळदीचा. मानेच्या वळीत भाकरीचा वाळका कण सापडला. आणि दुपारी त्यानं शी केली, तिच्यात पालकाचं हिरवं पान. आमच्या घरात पंधरा दिवसांत पालक शिजला नव्हता. मी तो लंगोट हातात धरून किती वेळ बसून राहिले, मलाच माहीत नाही. माझ्या लेकराला कुणीतरी चोरून जेवू घालत होतं.

सुरजचे पप्पा, म्हणजे प्रविण, शेतातून आले तेव्हा मी सरळ विचारलं. रोज संध्याकाळी पाचच्या सुमाराला तेच त्याला खांद्यावर घेऊन देवळाकडे चक्कर मारायला नेत.

"तुमी याला बाहेर काय चारता का?"

"मी?" ते म्हणाले. "मला कुठं येतंय भरवायला?"

एवढं बोलून ते हातपाय धुवायला गेले आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ धूत राहिले. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

आता आमच्या घराविषयी सांगते. आमचं घर एकच होतं, त्याची दोन झाली. मधोमध विटांची भिंत आहे. भिंतीपलीकडे माझे थोरले दीर हनुमानदादा, जाऊ वनमालाबाई आणि आमच्या सासूबाई, छबुबाई, ज्यांना मी आत्या म्हणते. वाटण्या झाल्या तरी वाटीभर कालवणाची देवाणघेवाण चालू होती. पण दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात विहिरीच्या मोटारीवरून वाजलं. दादांची पाळी संपली तरी त्यांनी मोटार बंद केली नाही, आणि आमची फुलावर आलेली मिरची वाळली. भावाभावांत तोंडाला तोंड लागलं. "तुमच्या घरचं पाणीसुदीक पिणार न्हाई," असं हे म्हणाले. पुरुषांचं बोलणं ते, दिवस मावळेपर्यंत निवलंही असतं.

पण माझा स्वभाव तसा नाही. मिरचीची रोपं मी स्वतः लावली होती, वाकून वाकून कंबर धरली होती. मी म्हणाले, बोलाचीच कढी आन बोलाचाच भात कशाला, देवळात चला. आणि मी दोघांनाही खंडोबाच्या देवळात उभं करून बेलभंडार उचलायला लावला. या घरचा दाणा त्या घरच्या माणसाच्या तोंडात जाणार नाही, त्या घरचा या घरच्या नाही, आणि मोडील त्याचं खंडोबा बघून घेईल. आत्या देवळाच्या पायरीवर बसून रडत होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

तेव्हापासून मी शपथ पाळली. संक्रांतीचा तिळगूळ परत पाठवला. होळीला भिंतीवरून पुरणाचा वास आला की खिडकी लावून घेतली. आत्यांनी एकदा भिंतीवरून कैऱ्या दिल्या, त्या तशाच वाटेवर ठेवून आले. खोटं कशाला बोलू, मला त्या सगळ्याचा अभिमान वाटायचा. आमच्या घरात शब्दाला किंमत आहे, असं मी नेकनूरला सांगत फिरायची.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता सुरजला खांद्यावर घेऊन हे निघाले. मी म्हशीची धार काढायला बसल्यासारखं केलं, आणि ते कोपऱ्यावर वळले तशी बादली तिथेच ठेवून मागोमाग गेले. देवळाकडे जायला डावीकडे वळावं लागतं. हे उजवीकडे वळले. कडब्याच्या गंजीला वळसा घातला आणि दादांच्या घराच्या परसात, कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या कुंपणाला जे छोटं फाटक आहे, ते खाली न बघता पायानं ढकललं. रोज जाणारा माणूसच फाटक असं ढकलतो.

आधी वाटलं, आत्यांनी हट्ट धरला असेल, नातवाला दाखवायला नेत असतील. एवढं तर मी माफही केलं असतं. मी कुंपणाशी वाकले आणि पऱ्हाट्यांच्या फटीला डोळा लावला.

परसात चूल पेटलेली होती. वनमालाबाई भाकरी थापत होत्या. आत्या पाय पसरून बसल्या होत्या आणि त्यांच्या दोन पायांच्या मध्ये माझा सुरज राजासारखा ताठ बसला होता. आत्यांनी भाकरीचा वरचा पापुद्रा काढला, वाटीतल्या वरणात अंगठ्यानं कुस्करला आणि बोटांनी उचलला. अजून हात वर यायचा होता, तोच पोरानं तोंड उघडलं. एवढं मोठं. घास गेला. त्यानं तोंड हलवलं, गिळलं आणि आत्यांच्या गुडघ्यावर थापा मारायला लागला, आण अजून, आण अजून.

मी कुंपण धरून उभी राहिले. माझं पोर जेवत होतं. दोन महिने जे बघायला मी तरसले होते, ते माझ्यासमोर चाललं होतं, आणि मला आत्यांच्या झिंज्या उपटाव्याशा वाटत होत्या. एकाच वेळी. असं होऊ शकतं हे मला माहीत नव्हतं.

आणि मग मी जरा पलीकडे बघितलं.

चुलीच्या उजव्या अंगाला दादा जेवायला बसले होते. त्यांच्या शेजारी, मांडीला मांडी लावून, सुरजचे पप्पा. पुढ्यात ताट, ताटात भाकरी, वर ठेचा, वाटीत पालकाचं गरगट. ते मोटारीच्या स्टार्टरबद्दल काहीतरी सांगत होते आणि सांगता सांगता खात होते.

"आजून अर्धी घे बे," दादा म्हणाले.

यांनी घेतली. नाही-हो काही नाही, घेतली.

दोन वर्षांपासून या माणसाला रात्री भूक नसायची. अर्ध्या भाकरीवर हात धुवायचे. पित्त झालं म्हणून मी गोळ्या आणल्या, ओवा-सैंधव चारलं, सकाळी उठून जिऱ्याचं पाणी उकळलं. यांची भूक परत यावी म्हणून मी दोन वर्षं गुरुवार धरले होते. त्या दिवशीही गुरुवारच होता. माझ्या पोटात सकाळपासून कपभर चहा आणि एक केळं होतं, आणि हा माणूस दुसऱ्या भाकरीवर होता.

मी फाटक ढकललं. यांचा हात ताट आणि तोंड यांच्या मध्ये थांबला. वनमालाबाईंच्या हातातली भाकरी तव्यावर पडायची ती परातीतच राहिली. फक्त सुरज गुडघ्यावर थापा मारत होता.

"कवापासून?" मी विचारलं.

"पोराचं विचारतीस का नवऱ्याचं?" आत्या म्हणाल्या.

"दोघांचं."

"पोराचं महिना झाला. पव्या त्याला घिऊन आलता, रडकुंडीला आलेला. म्हनला, आई, ह्यो खात न्हाई, बीडला न्यायचं म्हनत्यात. म्या बसवला इथं, तर खाल्लं की त्यानं." आत्यांनी सुरजचं तोंड पुसलं. "नवऱ्याचं म्हनशील, तर बेलभंडार उचलल्याच्या तिसऱ्या दिवसापासून."

मी खाली बसले. तिथंच, सरपणाच्या मोळीवर.

"आन खंडोबा?" मी विचारलं. "देवाची शपथ हाय ती."

"ती सोडवली," आत्या म्हणाल्या. "गुरवाला विचारलं म्या. त्यो म्हनला, रागात उचललेला भंडारा देव धरत न्हाई, नारळ फोडा आन मोकळे व्हा. दोघांनीबी फोडला. खोबरं निम्म्या गावानं खाल्लं."

निम्म्या गावानं. म्हणजे दुकानात तेल आणायला गेले की मी मान वर करून भिंतीपलीकडच्यांविषयी बोलायची, तेव्हा समोरच्याला ठाऊक होतं. मी तिळगूळ परत पाठवत होते, तेव्हा माझा नवरा भिंतीपलीकडे बसून तोच खात होता.

"मला कावून सांगितलं न्हाई?" मी यांच्याकडे बघून विचारलं.

यांनी ताटाकडे बघितलं. उत्तर दादांनी दिलं. भरल्या पंचायतीत सरपंचाला उलटा प्रश्न विचारणारा माणूस, पण मान खाली घालून म्हणाला, "तुझं भ्या वाटलं, मनिषा."

मी होतं नव्हतं ते शेवटचं हत्यार काढलं. "ठीक हाय," मी म्हणाले. "सगळ्यांनी सोडलं, सोडू द्या. मी तरी या घरचा कण तोंडात घेतला न्हाई. माझा शब्द मी पाळला."

चुलीवर तवा रिकामाच तापत होता. वनमालाबाई म्हणाल्या, "आत्याबाई, जाऊ द्या," आणि त्यावरूनच मला कळलं की अजून काहीतरी आहे.

"बाळंतपणात डिंकाचे लाडू खाल्लेस ना?" आत्यांनी विचारलं.

"ते आईनं नेकनूरहून धाडलेले. ह्यांनीच आनून दिले."

"तुझ्या आईचा तवा हात मोडलेला. म्हनून तर बाळंतपन हितं झालं. हात मोडलेल्या बाईनं लाडू वळले व्हय, तीन डबे?"

तीन डबे. रोज सकाळी दोन, वर दूध. एकेक लाडू खाताना मी म्हणायची, माहेरचा हात तो माहेरचा हात, इथल्या बायकांना जन्मात जमायचं नाही. भिंतीला ऐकू जाईल असं मुद्दाम म्हणायची. भिंतीपलीकडे ज्या बाईनं ते वळले होते, तिला ते ऐकू जात असणार. सहा महिने सुरज ज्या दुधावर वाढला, ते दूध या चुलीचं होतं.

वनमालाबाई माझ्याकडे बघत नव्हत्या. मला वाटलं, निदान आता हिनं एखादा टोमणा मारावा, म्हणजे मला उठून भांडता तरी येईल. त्यांनी टोमणा मारला नाही. म्हणून मीच भांडण उकरलं.

"आन याला हे तिखटामिठाचं चारता? वरसाच्या आत मीठ द्यायचं नसतं."

त्यांनी चुलीच्या कडेला ठेवलेली पितळी वाटी माझ्याकडे सरकवली. "ही आळणी हाय. शिजलं की आदी त्याचं काढते, मंग सगळ्यांच्यात मीठ-तिखट टाकते. चाखून बघ."

मी चाखलं नाही. पण माझ्याजवळ आता भांडायलाही काही उरलं नव्हतं. जे इतका वेळ विचारायचं होतं, ते बाहेर पडलं आणि पडता पडता मला रडू फुटलं.

"मंग माझ्याच हातचं कावून खात न्हाई तो?"

यांनी ताट बाजूला सारलं आणि उठायला लागले. आत्यांनी त्यांना हातानंच बसवलं. वनमालाबाई परात सोडून माझ्याजवळ आल्या. पिठाच्या हातांनीच.

"कसं भरवतीस?"

मी सांगितलं. चमचा, गाळणी, मोबाईलवरची गाणी, लावलेलं दार.

"दार कशापायी?"

"दृष्ट लागंल म्हनून."

"आन तू कवा जेवतीस?"

"तो झोपल्यावर. ओट्यापाशी. उभ्यानंच."

"आन पव्याभावजी हितं जेवून येत्यात," त्या म्हणाल्या. "म्हंजी तुमच्या घरात त्या लेकरानं आजवर कुणाला खाताना बघितलंच न्हाई. दार लावून एकली बाई तोंडावर चमचा धरती, त्याला काय कळावं? माझीबी पयली पोरगी अशीच करायची. जेवनाऱ्यात नेऊन बसवली, तवा खायला लागली."

आत्यांनी सुरजला उचलून माझ्या मांडीवर दिला. मी डोळे पुसले, हात धुतले, वाटीतली कुस्करलेली भाकरी बोटांनी उचलली आणि त्याच्या तोंडाजवळ नेली. त्यानं ओठ मिटले. मान वळवली आणि वनमालाबाईंकडे बघायला लागला. सगळ्यांनी ते पाहिलं. यांनीसुद्धा.

आजवरचे धक्के एकीकडे आणि ते मान वळवणं एकीकडे.

"त्याला न्हाई," वनमालाबाई हळूच म्हणाल्या. "आदी तू खा. त्याच्याम्होरं."

घास माझ्या बोटांत होता. दोन वर्षांत त्या घरच्या दाण्याला मी जाणूनबुजून शिवले नव्हते. खंडोबाचं तर केव्हाच सुटलं होतं, लाडूही पचून गेले होते, तरी हात तोंडापर्यंत येईना. तो घास खाल्ला की त्या दोन वर्षांत एकटी मीच वेडी ठरणार होते. दादा उठून म्हशीकडे गेले, उगीचच. मला बघायला लागू नये म्हणून गेले असणार.

सुरज माझ्या बोटांकडे बघत होता.

मी घास तोंडात घातला. वरण अळणी होतं, वर थोडं तूप. मी तोंड मोठं करून चावलं, आवाज करून चावलं, जसं आईनं लहानपणी कधी चावू दिलं नसतं. सुरजनं मान वर केली. माझ्या हनुवटीवर हात ठेवला. मग बोट माझ्या ओठांत घालून आत काय आहे ते ओढून काढायला लागला. मी दुसरा घास उचलून त्याच्यासमोर धरला, आणि त्यानं तोंड उघडलं.

गिळलं त्यानं. दोन्ही दातांनी माझं बोट चावून वर अजून मागितलं.

एक घास मला, एक त्याला, असं करत वाटी पुसून रिकामी झाली तेव्हा अजून दिवस मावळायचा होता. यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मी म्हटलं, तुमचं घरी गेल्यावर बघते. सुरजला ढेकर आली. मला त्याक्षणी जाणवलं की माझ्या पोटात कावळे ओरडताहेत, आणि गुरुवार तर आता मोडलाच होता.

"जाऊबाई," मी म्हणाले, "आता मला मिठाचं वाढा."